मॅन्युअल सांगतं एक, टाइप करतो दुसरंच

पोस्टग्रेसला २.५ ही संख्या राउंड करायला सांगितली की उत्तर ३ येतं. तीच २.५ डबल प्रिसिजन टाइपमध्ये घालून पुन्हा राउंड केली की उत्तर येतं २. फंक्शन तेच, संख्या तीच, सर्व्हरही तोच. बदलला तो फक्त डेटा टाइप. न्यूमेरिक टाइपमध्ये बरोबर मध्यावरची संख्या शून्यापासून दूरच्या बाजूला जाते. डबल प्रिसिजनमध्ये बहुतेक प्लॅटफॉर्मवर ती जवळच्या सम संख्येकडे जाते. पोस्टग्रेसच्या आजच्या मॅन्युअलमध्ये हे दोन्ही नियम लिहिलेले आहेत. जुन्या आवृत्त्यांच्या मॅन्युअलमध्ये त्याच जागी एवढंच होतं, की हे फंक्शन जवळचा पूर्णांक देतं आणि उत्तराचा टाइप इनपुटचाच असतो. यातलं काही खोटं नाही. पण २.५ च्या सारख्याच जवळ दोन पूर्णांक आहेत, आणि ज्याला बिल जुळवायचं आहे त्याची अडचण नेमकी तिथेच आहे.

केंद्रीय जीएसटी कायदा, २०१७ याच्या कलम १७० मध्ये ही संदिग्धता ठेवलेली नाही. कराच्या रकमेत पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर पुढचा रुपया धरा, कमी असतील तर सोडून द्या, असं ते कलम सांगतं. म्हणजे १०२ रुपये ५० पैशांचे १०३ रुपये. रकमेचा कॉलम डबल प्रिसिजनचा असेल तर राउंड १०२ देईल. कायदा लिहिणाऱ्यांना मध्यावरच्या रकमेचं काय करायचं हे सांगावंसं वाटलं. फंक्शनचं वर्णन लिहिणाऱ्यांना कित्येक वर्षं वाटलं नाही. या बाबतीत मायएसक्यूएलच्या मॅन्युअलचं कौतुक करायला हवं. २.५ असं लिहिलेली नेमकी संख्या राउंड केली तर ३, आणि तीच घातांकाच्या रूपात लिहिली तर ती अंदाजे टाइपची ठरून उत्तर २, हे तिथे उदाहरणासकट शेजारीशेजारी दाखवलं आहे. ऑरॅकलमध्येही नंबर आणि बायनरी डबल हे दोन टाइप असेच वेगळे वागतात, आणि तसं नमूद आहे. मुळात एसक्यूएलच्या प्रमाणातच, अंदाजे संख्या नेमक्या टाइपमध्ये आणताना ती छाटायची की राउंड करायची, हे प्रत्येक डेटाबेसवर सोडलेलं आहे. प्रमाण जिथे गप्प आहे तिथे मॅन्युअलनं बोललंच पाहिजे.

मॅन्युअल आणि प्रत्यक्ष वर्तन यांच्यातली तफावत एकाच जातीची नसते. मॅन्युअल सरळ चुकीचं असणं हा त्यातला सर्वात दुर्मीळ प्रकार. बहुतेकदा माहिती बरोबर असते, पण फंक्शनच्या पानावर नसते. ती टाइपच्या प्रकरणात किंवा टाइप बदलण्याच्या नियमांत कुठेतरी असते. काही वेळा टाइपचं नावच फसवतं. आणि काही वेळा मॅन्युअल एखादं वर्तन तात्पुरतं असल्याचं सांगतं आणि त्याला काही दशकं उलटून जातात. या सगळ्यांच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसते. मॅन्युअल फंक्शनच्या नावानं लावलेलं असतं आणि डेटाबेस मात्र टाइपनं चालतो. आपण ज्याला एक फंक्शन समजतो ती खरं तर एकाच नावाची पाचसहा वेगवेगळी फंक्शनं असतात, आणि त्यातलं कोणतं चालणार हे आपण दिलेल्या मूल्याचा टाइप ठरवतो.

याचं सर्वात बोलकं उदाहरण म्हणजे पोस्टग्रेसचं डेट_ट्रंक. तारीख द्यायची, महिना म्हणायचं, की त्या महिन्याची पहिली तारीख मिळते. मासिक अहवाल काढणाऱ्या जवळजवळ प्रत्येक क्वेरीत हे फंक्शन सापडेल. त्याच्या वर्णनात अनेक आवृत्त्यांमध्ये एक कंस होता: डेट आणि टाइम या टाइपची मूल्यं आपोआप अनुक्रमे टाइमस्टँप आणि इंटरव्हलमध्ये बदलली जातात. आता डेट टाइपचं मूल्य द्या आणि आलेल्या उत्तराचा टाइप पीजी_टाइपऑफ या फंक्शनला विचारा. उत्तर टाइमस्टँप येत नाही. ते येतं टाइमस्टँप विथ टाइम झोन.

हे असं होतं कारण डेट टाइप स्वतः घेणारं डेट_ट्रंक अस्तित्वातच नाही. साधा टाइमस्टँप घेणारं आहे, टाइम झोनवाला घेणारं आहे, इंटरव्हल घेणारं आहे. डेटचं रूपांतर पहिल्या दोन्हींत आपोआप होऊ शकतं. अशी बरोबरी झाली की पोस्टग्रेस त्या टाइपगटातला पसंतीचा टाइप निवडतो, आणि तारीख-वेळेच्या गटात तो मान टाइम झोनवाल्या टाइमस्टँपला दिलेला आहे. हा नियम मॅन्युअलमध्ये आहे, टाइप रूपांतराच्या स्वतंत्र प्रकरणात, आणि बरोबर आहे. म्हणजे मॅन्युअलचं एक प्रकरण दुसऱ्याशी जुळत नाही. कंसातला टाइमस्टँप हा शब्द दोन्ही टाइपना मिळून ढोबळपणे वापरला आहे असंही कोणी म्हणेल. पण पोस्टग्रेसमध्ये नुसतं टाइमस्टँप लिहिलं तर तो टाइम झोन नसलेलाच टाइप असतो, आणि वाचणारा तसंच वाचणार.

परिणाम काय होतो पाहा. सेशनचा टाइम झोन भारताचा आहे आणि मार्च २०२४ मधली एखादी तारीख आपण डेट_ट्रंकला दिली. उत्तर मिळतं १ मार्चची मध्यरात्र, सोबत साडेपाच तासांचा फरक. हे मूल्य यूटीसीत चालणाऱ्या ॲप्लिकेशनकडे गेलं की तिथे दिसते २९ फेब्रुवारीची संध्याकाळ, साडेसहाची वेळ. ॲप्लिकेशननं त्यातली फक्त तारीख उचलली तर मार्चची सगळी विक्री फेब्रुवारीच्या नावावर पडते. मूळ मूल्य तर साधी तारीख होती. तिला वेळही नव्हती आणि टाइम झोनही नव्हता. दुसरा परिणाम इंडेक्स बनवताना समोर येतो. डेट कॉलमवर डेट_ट्रंक लावून इंडेक्स करायला गेलं तर पोस्टग्रेस नकार देतो, कारण टाइम झोनवाल्या रूपाचं उत्तर सेशनच्या सेटिंगवर अवलंबून असतं आणि इंडेक्समध्ये कायम तेच उत्तर देणारी फंक्शनंच चालतात. कंसावर विसंबलेल्या माणसाला हा नकार अगम्य वाटतो. तारीख आधी स्वतः टाइमस्टँपमध्ये बदलून दिली की दोन्ही अडचणी सुटतात. ब्राझीलमध्ये उन्हाळी वेळ रद्द होईपर्यंत ती मध्यरात्री सुरू होत असे, त्यामुळे त्या दिवशी तिथे बाराची वेळच अस्तित्वात नसायची. त्या टाइम झोनमध्ये काम करणाऱ्यांना तर दिवसाची सुरुवात मागितली की रात्रीचा एक मिळायचा. भारतात उन्हाळी वेळ नाही, म्हणून आपल्याकडे ही गोष्ट जास्त काळ झाकलेली राहते.

वेळेच्या टाइपची नावं तर फसवी आहेतच. पोस्टग्रेसचा टाइमस्टँप विथ टाइम झोन कोणताही टाइम झोन साठवत नाही. आलेली वेळ यूटीसीत बदलून ठेवतो आणि दाखवताना सेशनच्या झोनमध्ये दाखवतो. नोंद पुण्यातून आली की दुबईतून, हे त्यात उरत नाही. एसक्यूएल सर्व्हरमधल्या टाइमस्टँपचा वेळेशी काही संबंधच नाही; तो ओळ बदलली की वाढणारा क्रमांक आहे, आणि त्याचं नवं नाव रोव्हर्जन. ऑरॅकलच्या डेटमध्ये तास, मिनिटं आणि सेकंदही असतात. मायएसक्यूएलचा टाइमस्टँप २०३८ च्या जानेवारीत संपतो, डेटटाइम मात्र तेव्हा संपत नाही.

भारतीय वेळेच्या बाबतीत पोस्टग्रेसमध्ये दोन खड्डे आहेत, ते माहीत असलेले बरे. आयएसटी हे लघुरूप पोस्टग्रेस मूळ सेटिंगमध्ये इस्रायलची प्रमाणवेळ म्हणून वाचतो, यूटीसीच्या दोन तास पुढे. भारतासाठी लघुरूपांचा वेगळा संच सोबत येतो, पण तो मुद्दाम निवडावा लागतो. आवृत्ती १८ पासून आधी सेशनच्या स्वतःच्या टाइम झोनमधली लघुरूपं पाहिली जातात, म्हणून आशिया/कोलकाता लावलेल्या सेशनमध्ये आयएसटी आता भारताची. दुसरा खड्डा जास्त खोल. झोनच्या जागी कोणी यूटीसी+५:३० असं लिहिलं तर पोस्टग्रेस ते पॉसिक्सच्या पद्धतीनं वाचतो, आणि त्या पद्धतीत अधिक चिन्ह म्हणजे ग्रीनिचच्या पश्चिमेला. मिळणारी वेळ भारतीय वेळेच्या अकरा तास मागे असते. मॅन्युअलमध्ये याचा इशारा आहे. पण ज्यानं हे लिहिलं त्याला आपण बरोबर लिहिलंय याची इतकी खात्री असते की तो पान उघडायला जातच नाही.

एसक्यूएल सर्व्हरच्या डेटटाइमची मिलिसेकंद फक्त ०, ३ किंवा ७ वर संपतात. हे टाइपच्या पानावर नीट लिहिलेलं आहे. तरी ३१ मार्चपर्यंतचे व्यवहार हवेत म्हणून कोणी शेवटची वेळ २३:५९:५९.९९९ धरतो, ती १ एप्रिलच्या मध्यरात्रीवर जाते, आणि वेळेशिवाय नुसत्या तारखेनं टाकलेल्या १ एप्रिलच्या सगळ्या नोंदी जुन्या आर्थिक वर्षात शिरतात. २००८ साली आलेल्या डेटटाइम२ मध्ये हा प्रश्न या रूपात उरला नाही. खरा उपाय मात्र टाइपवर न विसंबता पुढच्या दिवसापेक्षा लहान अशी अट लिहिणं हाच.

अक्षरांकडे वळलं की हा विषय आपल्या भाषेच्या दारात येतो. महाराष्ट्र हा शब्द घ्या. लहान मूल त्यात चार अक्षरं मोजेल: म, हा, रा, ष्ट्र. युनिकोडच्या हिशेबानं त्यात दहा कोड पॉइंट आहेत, कारण काना, हलन्त आणि प्रत्येक व्यंजन वेगळं मोजलं जातं. देवनागरीचा प्रत्येक कोड पॉइंट यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतो, म्हणून बाइट तीस. आता लेंग्थ म्हणजे लांबी, असं समजून विचारा. पोस्टग्रेसमध्ये लेंग्थ दहा सांगतं. मायएसक्यूएलमध्ये त्याच नावाचं फंक्शन तीस सांगतं, दहा हवे असतील तर कॅर_लेंग्थ वापरावं लागतं. ऑरॅकलचं लेंग्थ दहा सांगतं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये एनवारकॅरवर लेन दहा सांगतं आणि डेटालेंग्थ वीस. शिवाय लेन शेवटच्या मोकळ्या जागा मोजतच नाही. चार हे उत्तर यांतलं कोणीच देत नाही. डावीकडची दोन कॅरेक्टर मागितली तर मिळतं मह, काना मागेच राहतो. सात मागितली तर ष चा पाय मोडून शब्द अर्ध्यात थांबतो. ज्या पानांवर ही फंक्शनं समजावली आहेत तिथली उदाहरणं बहुतेक रोमन लिपीतली असतात. रोमनमध्ये अक्षर, कोड पॉइंट आणि बाइट तिन्ही एकच आकडा देतात, त्यामुळे कॅरेक्टर म्हणजे नेमकं काय हे न सांगताही ते वर्णन खरं ठरतं.

कॉलमच्या मापाचंही तेच. ऑरॅकलमध्ये वारकॅर२ ला २० हे माप दिलं आणि मूळ सेटिंग बदललं नाही, तर ते वीस बाइट असतात. त्यात महाराष्ट्र मावत नाही. कॅरेक्टरमध्ये मोजायचं असं स्पष्ट सांगून ४००० मागितले, तरी मूळ सेटिंगमध्ये वरची मर्यादा ४००० बाइटचीच राहते. देवनागरीचे १३३३ कोड पॉइंट झाले की जागा संपली. एसक्यूएल सर्व्हरच्या एनवारकॅरच्या कंसातला आकडा कॅरेक्टरांचा असतो असं वर्षानुवर्षं सगळे मानत आले. आता मायक्रोसॉफ्टच्या डॉक्युमेंटेशनमध्ये तो बाइटच्या जोड्यांचा आकडा आहे असं लिहिलंय, आणि तो कॅरेक्टरांचा समजणं हा सर्रास आढळणारा गैरसमज आहे, अशी खूणगाठही दिली आहे. २०१९ च्या आवृत्तीत यूटीएफ-८ कोलेशन आल्यावर वारकॅरच्या आकड्याचाही अर्थ बाइट हाच, हे ठसवून सांगणं भाग पडलं.

मायएसक्यूएलमध्ये यूटीएफ८ नावाचा कॅरेक्टर सेट बरीच वर्षं तीन बाइटपर्यंतच साठवत होता. खरा यूटीएफ-८ चार बाइटपर्यंत जातो. तो यूटीएफ८एमबी४ या नावानं २०१० साली, ५.५ च्या मालिकेत आला. याची चर्चा नेहमी इमोजीच्या निमित्तानं होते. देवनागरी तीन बाइटमध्ये बसते, म्हणून मराठी साइट चालवणाऱ्यांना त्याचा त्रास जाणवला नाही. पण मोडी लिपी २०१४ साली युनिकोड ७.० मध्ये आली ती मूळ पातळीच्या बाहेरच्या भागात, आणि तिच्या प्रत्येक कोड पॉइंटला चार बाइट लागतात. मोडी कागदपत्रांचं लिप्यंतर मूळ मजकुरासह साठवणाऱ्यानं जुन्या यूटीएफ८ वर विश्वास ठेवला तर मोडीचं एक अक्षरही त्यात बसणार नाही. कडक मोड चालू असेल तर निदान एरर येईल; तो मूळ सेटिंगमध्ये ५.७ पासून चालू झाला. त्याआधी मजकूर केवळ एका इशाऱ्यावर कापला जाई. एका अभिलेखासाठी याहून वाईट काही नाही.

बेरीज-सरासरीबद्दल थोडक्यात. सात भागिले दोन याचं उत्तर पोस्टग्रेस, एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूलाइटमध्ये ३, तर मायएसक्यूएल आणि ऑरॅकलमध्ये ३.५. एसक्यूएल सर्व्हरमध्ये पूर्णांकांची सरासरी पूर्णांकच येते, म्हणून १ आणि २ यांची सरासरी १. त्याच्या समचं उत्तरही इंट टाइपचं असतं. रक्कम पैशांत ठेवली असेल तर सुमारे २ कोटी १५ लाख रुपयांना ती बेरीज फुटते. पोस्टग्रेस इंटची बेरीज बिगइंटमध्ये देतो आणि बिगइंटची न्यूमेरिकमध्ये. हे सगळं त्या त्या मॅन्युअलमध्ये नीट लिहिलेलं आहे आणि त्याबद्दल तक्रार करता येत नाही. एसक्यूएल सर्व्हरच्या इझन्यूमेरिकबद्दल मात्र करता येते. दिलेलं मूल्य संख्या आहे का हे ते सांगतं, असं वाटून लोक आयात केलेला डेटा त्यातून गाळतात. नुसतं उणे चिन्ह किंवा डॉलरचं चिन्ह दिलं तरी ते होकार देतं, आणि पुढे पूर्णांकात रूपांतर करताना डॉलरवर क्वेरी कोसळते. त्याचा अर्थ फक्त एवढाच, की संख्येच्या कोणत्यातरी एका टाइपमध्ये हे जाऊ शकतं. कोणत्या, ते सांगत नाही.

एसक्यूलाइटचं प्रकरण वेगळं आहे. तिथे कॉलमचा टाइप हा नियम नसून कल आहे, आणि तो टाइपच्या नावातल्या अक्षरांवरून ठरतो. नावात इंट ही रोमन अक्षरं सापडली की कल पूर्णांकाकडे. त्यामुळे फ्लोटिंग पॉइंट असं नाव दिलं तर पॉइंटमधल्या त्या अक्षरांमुळे कॉलम पूर्णांकाकडे झुकतो. स्ट्रिंग असं नाव दिलं तर ओळखीचं काही न सापडल्यानं कल संख्येकडे. अशा कॉलममध्ये पुण्याचा एसटीडी कोड ०२० टाकला तर उरतात फक्त २०. ही दोन्ही उदाहरणं एसक्यूलाइटच्या स्वतःच्या पानावर इशारा म्हणून दिलेली आहेत. प्रायमरी कीमध्ये नल चालतो ही सुरुवातीच्या काळातली चूक होती, सुधारली तर जुनी ॲप्लिकेशनं मोडतील म्हणून तशीच ठेवली, हेही ते लोक उघड लिहितात. विचित्र वर्तनांची एक वेगळी यादीच त्यांनी केली आहे. २०२१ साली ३.३७.० मध्ये कडक टेबलं आली. तिथे मोजकेच टाइप चालतात आणि नाव चुकलं तर टेबल बनतच नाही. इतका मोकळेपणा मला इतर डेटाबेसच्या डॉक्युमेंटेशनमध्ये क्वचितच दिसतो, आणि तो सर्वांनी घ्यावा असा आहे.

त्याच्या अगदी उलट उदाहरण ऑरॅकलच्या रिकाम्या स्ट्रिंगचं. ऑरॅकल शून्य लांबीची स्ट्रिंग नल मानतो. मॅन्युअल म्हणतं की पुढच्या आवृत्त्यांत हे असंच राहील असं नाही, तेव्हा दोन्हींना एकच समजून कोड लिहू नका. ही सूचना कित्येक आवृत्त्यांपासून छापली जातेय आणि वर्तन जसंच्या तसं आहे. वाचणाऱ्यानं सल्ला पाळायचा ठरवला तरी पाळणार कसा? वेगळी रिकामी स्ट्रिंग तिथे अस्तित्वातच नाही. ऑरॅकल स्ट्रिंग जोडताना नलकडे दुर्लक्ष करतो, म्हणून तिथे सगळं सुरळीत चालतं. तीच व्यवस्था पोस्टग्रेसवर आणली की मराठी नावांचं काय होतं ते पाहण्यासारखं आहे. स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असे तीन कॉलम जोडून पूर्ण नाव बनतं. मधलं नाव रिकामं असेल तर ऑरॅकलमधून ते नल म्हणून येतं, आणि पोस्टग्रेसमध्ये नल जोडला की अख्खं नावच नल होतं. मधलं नाव न लावणारी माणसं यादीतून गायब होतात. मायएसक्यूएलमध्ये चेक या अटीचंही असंच होतं. ती वाचली जाते पण पाळली जात नाही असं मॅन्युअल सरळ सांगत होतं, आणि २०१९ मधल्या ८.०.१६ पर्यंत ते खरं होतं. वय ऋण नको अशी अट टेबलवर लिहिलेली, डोळ्यांना दिसणारी, आणि तिचा काडीचा उपयोग नाही. अशा ठिकाणी मॅन्युअल खरं होतं एवढ्यानं माझं समाधान होत नाही. जी अट पाळायची नाही ती स्वीकारताना एरर यायला हवी होती.

तफावती शोधण्याची साधनं अलीकडे बरीच सुधारली आहेत. मानुएल रिगर आणि झेंडोंग सू यांनी ईटीएच झुरिकमध्ये उभं केलेलं एसक्यूलॅन्सर हे साधन मुद्दाम विचित्र क्वेरी बनवून डेटाबेसचं तर्कशास्त्र तपासतं. त्यातून एसक्यूलाइट, मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसमध्ये खऱ्या चुका सापडल्या, आणि काही तक्रारी कोड न बदलता डॉक्युमेंटेशन दुरुस्त करून मिटल्या. तशी दुरुस्तीही मला कमी दर्जाची वाटत नाही. पण कोणती चूक कोडमध्ये सुधारायची आणि कोणती कागदावर, हा निर्णय किती कोड त्यावर उभा आहे हे पाहून होतो, बरोबर काय हे पाहून नव्हे. म्हणूनच मॅन्युअलनं दर फंक्शनखाली स्वीकारल्या जाणाऱ्या प्रत्येक टाइपची वेगळी ओळ, उत्तराचा टाइप आणि मध्यावरच्या किंवा रिकाम्या मूल्याचं एकेक उदाहरण द्यावं, असं मला वाटतं. पोस्टग्रेसच्या कॅटलॉगमध्ये ही माहिती जवळजवळ सगळी आहे. डेट_ट्रंकची सगळी रूपं यादीत मागितली की डेट टाइपची ओळ तिथे नाही हे एका नजरेत कळतं. मॅन्युअलचा तक्ता हातानं लिहिला जातो आणि कॅटलॉग इंजिन स्वतः वापरतं. त्यामुळे शंका आली की मी कॅटलॉग आधी पाहतो आणि कामात वापरायचं मूल्य देऊन उत्तराचा टाइप तपासतो. ड्रायव्हरमधून जाताना टाइप पुन्हा बदलू शकतो, म्हणून ही तपासणी सर्व्हरवर एकदा आणि ॲप्लिकेशनमध्ये एकदा अशी दोन्हीकडे करावी.

पोस्टग्रेसच्या १४ व्या आवृत्तीत एक्स्ट्रॅक्टच्या उत्तराचा टाइप डबल प्रिसिजनवरून न्यूमेरिक केला गेला, म्हणजे सेकंदांचे अपूर्णांक आता नेमके मिळतात. जुन्या कोडसाठी डेट_पार्ट मात्र डबल प्रिसिजनवरच ठेवलं. एकाच कामाची ही दोन फंक्शनं तोवर एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरली जात होती. त्या दिवसापासून अर्धा सेकंद राउंड करायला दिला तर एक १ देतं आणि दुसरं ०. मॅन्युअलमध्ये हा फरक नोंदवलेला आहे. डेट_ट्रंकला डेट टाइपची स्वतंत्र ओळ द्यायची झाली तर आज टाइम झोनवालं उत्तर गृहीत धरून चालणाऱ्या सगळ्या क्वेरींच्या उत्तराचा टाइप बदलेल, आणि तो बदल कोणाला तरी रिलीज नोटमध्ये लिहावा लागेल.